जुहूचा विमानतळ

परवां नातीस परदेशीं निरोप देण्यासाठीं मुंबईस गेलों असतां जुहूचा जुना विमानतळ बाहेरूनच पाहिला. आज तेथें हेलिकॉप्टरें उतरतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन येथेंच उतरले. झांवळ्यांनीं शाकारलेली एक शेड, अर्धवेळ येणारा एक इंजिनियर व दोन शिकाऊ कारागीर, एवढाच त्या काळीं देखभालीचा संसार! पावसाळ्यांत येथें चिखल माजे. मग विमानें पुण्यास येरवड्याहून उडत. तथापि १९३३-३४ च्या सरकारी अहवालानें या टपालास वक्तशीरपणाबद्दल १०० पैकीं १०० गुण दिले. मास्तरकीच्या उभ्या आयुष्यांत असे गुण मीं क्वचितच दिले असतील!

यंत्र सहसा बिघडूं नये, आणि बिघडलेंच तर हाताशीं असलेल्या माणसांस व हत्यारांस तें लवकर दुरुस्त करतां यावें, या दोन पायांवरच प्रवाशाचा विश्वास उभा असतो. पुस मॉथचें एकच, हवेनें थंड होणारें इंजिन त्या लहानशा संसारास झेपण्याजोगें होतें.

उडणाऱ्याचें नांव घरोघरीं झालें. पाना फिरविणारा निनांवीच राहिला. रात्रीं नातीचें विमान उडालें तेव्हां माझे हात जुळले ते देवास, आणि त्या निनांवी हातांसही.