डिस्कचा पोटखराबा

हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावला की निळ्या चौकोनात ‘गुड’ येतं आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’ आलं की त्याचा चेहरा उतरतो. जालन्यात डिस्का तपासण्याचा धंदा करताना या दोन्ही रंगांवर विसंबणं मी केव्हाच सोडलं. निळ्या डिस्का अचानक गेलेल्या पाहिल्यात आणि पिवळ्या वर्षानुवर्षं सुखाने चाललेल्याही. कामाची माहिती असते ती खालच्या तक्त्यात, आणि तो वाचायचा कंटाळा आमच्या धंद्यातल्या लोकांनाही असतो.

आपला हिशेब डिस्क स्वतःच ठेवते. किती तास फिरली, किती वेळा चालू-बंद झाली, किती तापली, कुठली जागा वाचता आली नाही. या नोंदींना ‘स्मार्ट’ म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने आपल्या मोठ्या मशिनांसाठी अशी सोय केली, पुढे १९९५च्या सुमारास कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्यांना सोबत घेऊन तिला सर्वांना चालेल असं रूप दिलं. तरीही प्रत्येक कंपनीची लिहायची पद्धत वेगळी राहिली, आणि घोळ तिथेच होतो.

प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रकारचे आकडे असतात. एक म्हणजे कंपनीने दिलेले गुण. ते बहुधा १०० किंवा २०० पासून खाली उतरतात आणि ठरलेल्या रेषेखाली गेले की डिस्क नापास. ही रेषा कंपन्यांनी फार ढिली ठेवली आहे, असं माझं मत. दुसरा आकडा कच्चा, आणि मी तोच बघतो. पण तो आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सोळाच्या पायात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, येतो. चालू तासांपुढे २२६० दिसलं तर ते २२६० नव्हेत, ८८०० तास. म्हणजे अखंड चाललेलं एक वर्ष. सीगेटच्या डिस्कवर पहिल्या नोंदीत, ‘रीड एरर रेट’पुढे, कोट्यवधींचा आकडा बघून लोक हादरतात. त्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची मोजणीही गुंफलेली असते. तो आकडा सोडून द्यावा.

बघायच्या नोंदी मोजक्या: ५, १९७, १९८ आणि १९९. पाचवी नोंद म्हणजे सातबाऱ्यावरचा पोटखराबा. तबकडीवरची जी जागा निकामी झाली ती डिस्कने वापरातून काढली आणि तिच्याऐवजी राखीव जागेतला तुकडा दिला. थोडा पोटखराबा असलेलं शेत कुणी विकून टाकत नाही. तीन वर्षांपूर्वी ८ होता, आजही ८ आहे, तर ती डिस्क मी चालू देतो. सोमवारी ८ होता आणि शनिवारी ४० झाला, तर त्याच दिवशी डाटा उतरवून घेतो.

१९७ जास्त फसवी. एखादी जागा वाचता आली नाही तर डिस्क तिला लगेच बाद करत नाही, ‘पेंडिंग’ म्हणून टांगून ठेवते. पुढे त्या जागेवर नवीन काही लिहायची वेळ आली की निकाल लागतो. नीट लिहिलं गेलं तर नाव कटतं, नाही तर ती पाचव्या नोंदीत जाते. आता आमचं गाव सळईचं. एमआयडीसीत इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवतात, रोलिंग मिल चालतात. तिथल्या ऑफिसांत बल्ब लुकलुकताना मी पाहिलेत, आणि यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी मेलेलीच असते. लिहिता लिहिता विजेचा दाब पडला की तो सेक्टर अर्धवट राहतो, पुढे वाचताना त्याची पडताळणी जुळत नाही आणि १९७ वाढते. तबकडी धडधाकट असते, आजारी असतो तो एसएमपीएस किंवा यूपीएस. अशा वेळी डाटा काढून घ्यावा, सगळी डिस्क शून्यांनी भरून पुन्हा तक्ता बघावा. १९७ शून्यावर आली आणि ५ हलली नाही, तर आधी वीजपुरवठा तपासावा. ५ वाढली तर मात्र दोष डिस्कचाच. काही ठिकाणी दर वर्षी नवी डिस्क टाकतात आणि खर्च कंपनीच्या नावाने लिहितात. नवी यूपीएस बॅटरी त्याहून स्वस्त पडली असती.

१९८ बहुधा १९७च्या मागोमाग चालते. १९९ ही केबलची नोंद. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये निरोप बिघडून पोचला की ती वाढते, आणि एकदा वाढली की कधी कमी होत नाही. म्हणून केबल बदलल्यावर आकडा लिहून ठेवायचा आणि तो तिथेच थांबला का ते पंधरा दिवसांनी बघायचं. या एका नोंदीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील!

आता निळ्या चौकोनाबद्दल. २००७ मध्ये गूगलच्या तिघा संशोधकांनी आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला. पाचव्या नोंदीतला पहिला सेक्टर पडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, असा सेक्टर न पडलेल्या डिस्कच्या १४ पट निघाली. पण गेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांवर या प्रकारच्या महत्त्वाच्या चार नोंदींतलं काहीच चढलेलं नव्हतं. म्हणजे आकडा वाढला तर धोका नक्की, आकडा शून्य असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मार्चअखेरीला टॅलीचा डाटा एकाच डिस्कवर ठेवणाऱ्या मोंढ्यातल्या आडत्यांना मी हेच सांगतो. ते मान हलवतात आणि बॅकअप घेत नाहीत.

डिस्क खरोखर आजारी असेल तर सगळ्यात घातक औषध म्हणजे विंडोजचं चेकडिस्क. ‘दुरुस्त करून बघू’ म्हणून लोक रात्रभर ते लावतात. डिस्कचं वाचणारं डोकं त्याच खराब जागेवर पुन्हा पुन्हा जातं आणि सकाळी डिस्क ओळखूच येत नाही. लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्यांचं हे नेहमीचं. आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल काढावी. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो सोपा भाग आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो आणि शेवटी अवघड तुकड्यांकडे परततो. मधेच लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतो. कट-कट असा आवाज येत असेल तर हेही नको. डिस्क बंद करावी आणि उघडू नये. डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. जालन्याच्या धुळीचा कण त्याच्यासमोर डोंगर आहे.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधल्या डिस्कांचं वेगळंच. त्या रात्रंदिवस लिहितात, पण वाचतं कोण? दुकानात चोरी झाल्यावर फूटेज मागितलं जातं, तेव्हा कळतं की डिस्क कधीच थांबली होती. आणि त्याच डिस्का पुसून, नवं लेबल लावून बाजारात येतात. हे नुसतं आपल्याकडे नाही. २०२५च्या जानेवारीत जर्मनीत नवीन म्हणून घेतलेल्या सीगेटच्या डिस्का हजारो तास वापरलेल्या निघाल्या. स्मार्टमधले तास शून्य केलेले होते, पण कंपनीच्या ‘फार्म’ नावाच्या आतल्या नोंदीत खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टकंट्रोल, म्हणजे ‘स्मार्टसीटीएल’, या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत ती नोंद वाचता येते. सीगेटची डिस्क घेतली की मी दोन्ही तास ताडून बघतो, मग टॉर्च मारून सॅटाच्या पिनांवर ओरखडे आणि स्क्रूच्या भोकांत घासल्याच्या खुणा शोधतो.