मेणवलीची वाट आणि बाजूची दोन चाके

वाई म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती येतो. गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी आदळले तर ते दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी त्यामागची योजना. गावातून पश्चिमेकडे मेणवलीमार्गे धोमला जाणारा रस्ता जेमतेम आठ-नऊ किलोमीटरांचा आहे. उजव्या हाताला पांडवगड, डाव्या हाताला दूरवर पाचगणीच्या पठाराची सपाट कड आणि मध्ये ऊस व हळदीची शेते. नदी कधी जवळ येते, कधी उसाच्या आड जाते. चढउतार फारसा नाही. ज्येष्ठांनी गाडीवरून रमतगमत जावे असा हा रस्ता आहे, आणि आज त्याच्याविषयी लिहिण्याचे कारणही तेच आहे.

माझे एक रुग्ण आहेत. वय ७२. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना मी ‘काका’ म्हणतो. चाळीस वर्षे त्यांच्याकडे बुलेट होती. दर रविवारी पहाटे पसरणीचा घाट चढून पाचगणीला चहा प्यायचा आणि ऊन चढण्यापूर्वी घरी यायचे, हा त्यांचा नेम होता. सुमारे १२ किलोमीटरांचा तो घाट वळणावळणांचा आहे. ‘वळणावर गाडी झुकली की मन हलके होते,’ असे ते सांगत. मधुमेह मात्र सतरा वर्षांचा झाला होता आणि त्याने आपले काम निमूटपणे चालवले होते.

काका पडले ते घाटात नव्हे, मेणवलीत. वाड्यासमोर गाडी उभी करताना पाय खडीवर टेकला आणि सरकला. सुमारे १९० किलोंची गाडी कलली आणि काका तिच्याखाली आले. हाड मोडले नाही. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. हा चटका त्यांना जाणवला नाही. संध्याकाळी पायजमा बदलताना काकूंनी तो पाहिला.

डॉक्टरच्या दृष्टीने खरी बातमी ही होती. पायांची संवेदना तपासली. नादकाट्याचे कंपन अंगठ्याला कळत नव्हते आणि नायलॉनच्या तंतूचा स्पर्श तळव्यावर तीन ठिकाणी लागत नव्हता. आपला पाय जमिनीवर कसा आणि किती टेकला आहे, हे मेंदूला कळवणारे निरोपे थकले होते. धावत्या दुचाकीचा तोल वेग आणि हँडल सांभाळतात. थांबत्या दुचाकीचा तोल मात्र चालकाच्या पायांना सांभाळावा लागतो. त्यामुळे पायांची जाणीव मंदावलेला माणूस वेगात व्यवस्थित चालवतो आणि फाटकापाशी, सिग्नलला किंवा देवळासमोर कोसळतो. घरचे म्हणतात, ‘अहो, गाडी तर उभीच होती!’ उभी होती, म्हणूनच पडली.

किल्ली काढून घेण्यापूर्वी

पुण्याहून मुलाचा फोन आला. ‘डॉक्टर, बाबांना तुम्हीच सांगा. मी किल्ली काढून घेतली तर ते माझ्याशी बोलणार नाहीत.’ असे फोन मला वरचेवर येतात. चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. त्या ‘नमुना १-अ’वर सही करणारा हात माझ्यासारख्या डॉक्टरचा असतो, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

किल्ली काढून घेणे सोपे असते. पुढचे सहा महिने कठीण जातात. गाडी गेली की बाजार, वाचनालय, मित्रांचा कट्टा आणि रक्ततपासणीला जाणे हे सारे दुसऱ्याच्या सवडीवर येते. माणूस घरात बसतो. बसला की मांड्यांचे स्नायू उतरतात, साखर चढते, झोप बिघडते आणि बोलणे कमी होते. घरी बसवलेल्या ज्येष्ठांचे हे उतरणे मी दवाखान्यात वारंवार पाहिले आहे. तरीही केवळ मन राखण्यासाठी असुरक्षित माणसाला रस्त्यावर सोडणे हा दुसऱ्यांच्या मुलाबाळांवर अन्याय आहे.

म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारतो : नेमके काय कमी झाले आहे? थांबताना तोल जातो आणि बाकी सारे शाबूत आहे, तर गाडी बदलून भागते. पण रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात, मान वळवून मागे पाहता येत नाही, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, चक्कर येते, फिट येते किंवा साखर अचानक उतरते, तर कितीही चाके लावून उपयोग नाही. वाढीव चाके फक्त तोल सांभाळतात. डोळे, लक्ष आणि निर्णय यांना चाके लावता येत नाहीत.

काकांची तपासणी दोन आठवडे चालली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि दृष्टी चांगली होती. मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळत होती. स्मरण आणि लक्ष उत्तम होते. साखर उतरवणाऱ्या एका गोळीची मात्रा कमी केली. प्रोस्टेटच्या गोळीने उभे राहताना रक्तदाब उतरत होता, म्हणून ती गोळी रात्रीवर नेली. सर्दीवरचे झोप आणणारे औषध ते मनानेच घेत. ते बंद केले. उरले फक्त पाय.

‘तसली’ गाडी

मोटारसायकलवरून तिचाकीवर जाण्याचे दोन मार्ग असतात. एका प्रकारात मागचे चाक काढून त्या जागी आसावर दोन चाके बसवतात. दुसऱ्या प्रकारात मूळ चाक तसेच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडतात. आपल्याकडे गिअर नसलेल्या स्कूटरला अशी बाजूची चाके जोडलेली अधिक दिसतात. काकांनी हाच मार्ग घेतला, परंतु त्याला चार महिने लागले. गाडीचा विषय निघाला की ते म्हणत, ‘डॉक्टर, ती तसली गाडी. लोक काय म्हणतील?’

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही; ते काकूंनी दिले. ‘लोक तुम्हाला गाडीखालून काढायला आले होते, तेव्हा काय म्हणाले ते मी ऐकले आहे.’ दुसऱ्या दिवशी काका साताऱ्याच्या परिवहन कार्यालयात चौकशीला गेले.

ही चौकशी प्रत्येकाने आधी करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची सोय मात्र कायद्यात आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीत अशा वाहनाची स्वतंत्र व्याख्याही आली. आपली प्रकृती त्यात बसते का, परवान्यावर कोणती नोंद लागेल आणि बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत कशी होईल, हे कार्यालयात विचारावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये चाके लावून घेऊन तशीच गाडी बाहेर काढली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

धोमपर्यंत

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता आम्ही निघालो. काका पुढे त्यांच्या नव्या गाडीवर आणि मी माझ्या स्कूटरवर मागे. रुग्णाला तपासण्याच्या खोलीत पाहणे वेगळे आणि रस्त्यावर पाहणे वेगळे. त्यापूर्वी तीन आठवडे त्यांनी रिकाम्या मैदानावर सराव केला होता.

हा सराव अनिवार्य आहे, कारण ही गाडी दुचाकीसारखी वागत नाही. दुचाकी वळणावर आत झुकते. तिचाकी झुकत नाही. ती चालकाला बाहेर फेकू पाहते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करायचा, हँडल हातांनी वळवायचे आणि धड आतल्या बाजूला न्यायचे. यात खांदे आणि मनगटे दमतात. ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांनी आधी तो मोकळा करून घ्यावा.

दुसरी सवय अधिक चिवट असते. चाळीस वर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाचा पाय थांबताना आपोआप खाली येतो. या गाडीवर तो खाली टाकला तर मागून येणारे बाजूचे चाक त्याच्यावर चढू शकते. ज्याच्या पायाला संवेदना कमी आहे, त्याच्यासाठी तर ही मोठीच इजा. पाय फळीवरच ठेवायचे, हे काकांनी घोकून घोकून अंगी बाणवले. गावाबाहेरच्या चौकात उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हा ते थांबले आणि पाय जागेवरून हलले नाहीत. मागे मला फार बरे वाटले.

मेणवलीच्या अलीकडे रस्ता थोडा खचला आहे. दुचाकीवर खड्डा चुकवणे सोपे असते. येथे पुढचे चाक वाचले तरी बाजूचे चाक त्यात जाते. खोलगट जागी दोन्ही बाजूंची चाके कडांवर टेकली आणि मधले चाक अधांतरी राहिले, तर पकड जाते आणि मागचा ब्रेकही लागत नाही. रस्त्याची कड उतरती असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. म्हणून काका रस्त्याची अगदी कड टाळून, पण आपली डावी बाजू न सोडता जात होते. वेग पंचविशीच्या आसपास होता.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा नदीघाट पाहण्यासारखा आहे. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या मंडपात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर ती येथे आली. ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रीकरण या परिसरात झाले, तेव्हापासून पर्यटक वाढले आहेत. काकांनी गाडी वाड्यासमोर त्याच खडीवर उभी केली. ब्रेकची कळ लावली, कारण स्टँड न लावता उभी राहणारी ही गाडी उतारावर घरंगळू शकते. मग ते सावकाश उतरले. घाटाच्या पायऱ्या दगडी आणि जागोजागी निसरड्या आहेत. काठी, घट्ट बसणारे बूट आणि एखाद्याचा हात यांशिवाय ज्येष्ठांनी शेवटच्या पायऱ्यांवर जाऊ नये. आम्ही वरच्या टप्प्यावर बसून घंटा पाहिली.

धोमला नृसिंहाचे देऊळ आहे आणि शेजारच्या महादेवासमोर कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी आहे. पाणी भरले की कासव तरंगते आहे असे वाटते. पुढे धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे डोंगरांच्या रांगा. तेथे चहा घेताना मी काकांना विचारले, ‘कसे वाटते?’

ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘खरे सांगू? झुकायची मजा गेली, डॉक्टर. पसरणीही गेली. पण आज दोन वर्षांनी मी धोमला स्वतः आलो.’

पसरणीचा घाट काकांनी स्वतःहून सोडला. उतारावरच्या सलग वळणांत ही गाडी सांभाळणे त्यांच्या खांद्यांना झेपणारे नाही आणि मीही त्याला संमती दिली नसती. क्षेत्र आखडले, ही वस्तुस्थिती आहे. ती गोड शब्दांत झाकण्याचे कारण नाही. पण वाई ते धोम एवढे क्षेत्र हाती राहिले, यात त्यांचा बाजार, वाचनालय, मित्र आणि दवाखाना असे सारे काही येते.

घरच्यांसाठी

आपल्या घरात गाडी चालवणारे ज्येष्ठ असतील तर पुढील गोष्टी शांतपणे पाहाव्यात. हात न टेकता ते खुर्चीतून उठतात का? भक्कम टेबलाजवळ, शेजारी कोणी असताना, एका पायावर काही सेकंद उभे राहता येते का? बसल्या जागी मान वळवून खांद्यावरून मागे पाहता येते का? गाडीवर नवे ओरखडे दिसतात का? नवे औषध सुरू झाल्यावर गुंगी येते का? यातले काही आढळले तर भांडण न करता त्यांना घेऊन डॉक्टरांकडे यावे आणि सर्व गोळ्यांची पिशवी सोबत आणावी. गाडी कोणतीही असो, हेल्मेट हवेच. मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी खाऊन निघावे, खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर दोन्ही तळपाय पाहावेत.

पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, पण शरीर पाच वर्षे थांबत नाही. म्हणून काकांनी आणि काकूंनी मिळून एका कागदावर तीन अटी लिहिल्या आहेत. एकदाही चक्कर आली, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली किंवा वर्षाच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला, तर गाडी उभी राहील. कागदावर काकांची सही आहे आणि त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. हा कागद प्रकृती ठीक असतानाच लिहावा, कारण त्या वेळी तो आपल्या हाताने आणि आपल्या मनाने लिहिता येतो.