यशाचा खोटा निरोप

बंद पडलेल्या हार्डवेअरची मला भीती वाटत नाही. ते उत्तर देत नाही, ड्रायव्हर ठरलेला वेळ वाट पाहतो, एरर परत करतो आणि मोकळा होतो. कर्नलमध्ये काम करणाऱ्याची झोप उडवतं ते काम बिघडलेलं असताना ‘झालं’ असं ठामपणे कळवणारं हार्डवेअर. मी एका स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर काम केलं होतं. त्याचा ‘पूर्ण’ दाखवणारा बिट लागायचा तेव्हा डेटा अजून मेमरीत पोचायचा असायचा. शेवटी आम्ही त्या बिटकडे पाहणंच सोडलं आणि डेटासोबत येणारा अनुक्रमांक मेमरीत दिसेपर्यंत थांबू लागलो. तेव्हापासून कुठलाही पॅच वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: काम झालं हे सांगतंय कोण, आणि त्याचा पुरावा काय?

या प्रश्नासाठी आरडीरँडइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही. यादृच्छिक आकडा देणारी ही प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन आधी इंटेलने आणली, मग एएमडीने. तिचा करार साधा आहे: आकडा मिळाला तर कॅरी फ्लॅग १, नाही मिळाला तर ०. एएमडीच्या फॅमिली १५एच आणि १६एचमधल्या काही मशीनवर मात्र सस्पेंडमधून जागं झाल्यावर ही इन्स्ट्रक्शन दर वेळी एकच आकडा द्यायची, सगळेच्या सगळे बिट १. आणि फ्लॅग? तोही १. दोष बायोसच्या बाजूला होता. जागं होताना जे पूर्ववत करायचं ते तिथे नीट होत नव्हतं. २०१९च्या जुलैमध्ये रायझन ३००० बाजारात आले तेव्हा असंच दुखणं बूट होतानाच दिसलं, आणि सिस्टमडी वापरणारी काही लिनक्स डिस्ट्रिब्युशन्स सुरूच होईनात. तिथे बायोसच्या अपडेटने काम भागलं.

यातली खरी अडचण अशी की, सगळे बिट १ हा आकडा चुकीचा नाही. ३२ बिटांच्या निर्दोष स्रोतातूनही सुमारे ४२९ कोटींत एकदा तो येणारच. एकटा आकडा हातात घेऊन त्याला खोटा ठरवता येत नाही. कर्नलचा स्वतःचा जनरेटर अनेक स्रोत एकत्र मिसळतो, त्यामुळे एक स्रोत नासला तरी तो तगून राहतो. पण साधे प्रोग्रॅम ही इन्स्ट्रक्शन थेट चालवतात, कर्नलला न विचारता. मध्ये उभं राहायला तिथे जागाच नाही.

म्हणून २०१९मध्ये लिनक्स कर्नलच्या एका पॅचने सीपीयूआयडीमधला आरडीरँडचा बिटच पुसून टाकला. इन्स्ट्रक्शन चालत राहते, पण ‘ही सोय आहे का’ असं विचारणाऱ्या प्रोग्रॅमला ‘नाही’ असं उत्तर मिळतं. पॅच दोन्ही फॅमिलींना सरसकट लागू झाला, कारण कुठल्या मशीनचा बायोस चांगला हे कर्नलला कळायचा मार्ग नव्हता. ज्यांची मशीन धडधाकट होती त्यांचीही सोय गेली. हे अन्यायाचं वाटतं, तरी मला हा निर्णय पूर्ण पटतो. आरडीरँड नसलं तर प्रोग्रॅम दुसरा स्रोत शोधतो. खोटं आरडीरँड असलं तर तो गुप्त चाव्या बनवतो, आणि सगळ्या चाव्या सारख्या निघाल्या तरी कोणाला पत्ता लागत नाही. शिवाय ज्याला आपल्या मशीनची खात्री आहे त्याच्यासाठी ‘आरडीरँड=फोर्स’ हा बूट पर्याय ठेवला आणि तो वापरा असं लॉगमध्येच लिहिलं. सोय काढून घेताना कारण आणि परतीची वाट दोन्ही सांगायला हवीत, याबाबत मी फार हट्टी आहे.

प्रत्येक दोष असा लपवता येत नाही. १९९७ साली पेंटियममध्ये सापडलेला एफ००एफ दोष बघा. लॉक लावलेली एक अवैध इन्स्ट्रक्शन कोणत्याही साध्या प्रोग्रॅमने चालवली की अख्खा प्रोसेसर गोठायचा. अवैध इन्स्ट्रक्शनसाठीची नोंद इंटरप्ट टेबलमधून वाचायला जाताना तो बस लॉक करून अडकून बसायचा. उपाय असा निघाला की ते टेबल केवळ-वाचनाच्या पानावर ठेवायचं. मग अडकण्याआधीच पेज फॉल्ट होतो, कुलूप सुटतं, आणि फॉल्ट हाताळणारा कोड पाहतो की पत्ता टेबलच्या ६ क्रमांकाच्या नोंदीचा आहे का. असेल तर हा खरा पेज फॉल्ट नव्हे, अवैध इन्स्ट्रक्शन आहे, असं समजून पुढे जातो. तो कोड मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा थक्क होते. दोषी चिपच्याच दुसऱ्या, निरोगी यंत्रणेला कामाला लावून तिला मरणाच्या दारातून परत आणलंय. २०१३मध्ये हेच केवळ-वाचनाचं टेबल सगळ्या एक्स८६ मशीनसाठी कायम केलं गेलं, या वेळी हल्लेखोराला ते बदलता येऊ नये म्हणून.

अशा कोडवर टिप्पणी पुरेशी नसेल तर मी पॅच परत पाठवते. ‘हार्डवेअर दोषावर उपाय’ एवढंच लिहून भागत नाही. कुठली चिप, कुठलं मायक्रोकोड, लक्षण काय, आणि हा कोड कधी काढून टाकता येईल, हे सगळं तिथे हवं. निर्मात्याच्या एराटा यादीतला क्रमांक असेल तर उत्तमच. दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याच्या हाताशी ती चिप बहुधा नसेल. तपासून पाहता येणार नाही म्हणून तो कोड काढायला घाबरेल, किंवा न घाबरता काढेल. दोन्हींत धोका आहे.

२०२५मध्ये झेन ५ प्रोसेसरांत आरडीरँडच्या भावंडाचा, आरडीसीडचा, दोष उघड झाला. १६ आणि ३२ बिटांचे प्रकार प्रमाणाबाहेर शून्य देत होते आणि फ्लॅगने मात्र यश कळवत होते. ६४ बिटांचा प्रकार ठीक होता. कर्नलने पुन्हा सीपीयूआयडीचा बिटच काढला, पण आता सरसकट नाही. कोड आधी मायक्रोकोडची आवृत्ती पाहतो, आणि दुरुस्त आवृत्ती असलेल्या मशीनला हातही लावत नाही.