साडीगार्ड

भाच्याने नवी मोटरसायकल घेतली. पूजेचा हार अजून हँडलवरच होता, तोवर त्याने दहाचा पाना मागितला. मला वाटलं, मोबाइलचा होल्डर बसवत असेल. तर हा मागच्या चाकापाशी उकिडवा बसून साडीगार्ड काढत होता. "गाडीची सगळी शान घालवतं हो हे, मामा," म्हणाला. गार्ड फरशीवर खणकन पडला आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या घरात साडीगार्ड काढला जात नसे, बसवला जाई. वडिलांनी जुनी येझदी घेतली ती गार्डशिवायच. आधीच्या मालकालाही शानच हवी असणार. वडील पुण्याला गेले, नाना पेठेतून गार्ड घेतला आणि एसटीत मांडीवर धरून साताऱ्याला आणला. अख्खा रविवार त्यात गेला. वरचं भोक शॉकअपच्या बोल्टला जेमतेम जुळलं, खालची पट्टी सायलेन्सरला अडली. मग गोल कानशीने भोक मोठं करणं आलं, पट्टी उंबऱ्याच्या फटीत अडकवून वाकवणं आलं. एका बोल्टचे आटे गेले होते, त्यासाठी सायकलवाल्याकडे दोन चकरा. शेवटी गार्ड खडखडू नये म्हणून फाटक्या ट्यूबचे गोल तुकडे कापून वायसर केले. ते कापायचं काम माझं. रबर, रॉकेल आणि तापलेल्या लोखंडाचा तो वास कुठल्याही गॅरेजात आला की मी अजून दोन मिनिटं रेंगाळतो.

आता थोडं पुराण. येझदीचं मूळ चेक, जावा घराण्यातलं. 1961 साली मैसूरला आयडियल जावाचा कारखाना निघाला, तिथे त्या बनू लागल्या. येझदी हे नाव पुढे लागलं, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. गाडीला एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, दोन्ही अंगांना एकेक. किक डावीकडे, तीच पुढे वळवली की तिचा गिअर. युक्ती बिनतोड. पण दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलेली सहावारीतली बाई त्या चेक कारागिराच्या डोळ्यांपुढे कशाला येईल? आमची गाडी पोवई नाक्यावर बंद पडली की आईने आधी खाली उतरायचं, मग वडिलांनी किक मारायची. डाव्या सायलेन्सरने तिच्या दोन साड्यांचे काठ खाल्ले. त्यावर वडिलांनी एक पत्र्याची पट्टी ठोकली, ती वेगळीच.

आजीचं मात्र यातलं काही अडलं नाही. ती गावाहून आली तेव्हा वडील तिला आणायला स्टँडवर गेले, मीही टाकीवर बसून गेलो होतो. "आई, एका बाजूनं बस," वडील म्हणाले. "एका बाजूनं बसून पडू काय?" म्हणत आजीने नऊवारीचा काष्टा जरा वर ओढला, टांग टाकली आणि घोड्यावर बसावं तशी बसली. कंडक्टर बघत राहिला. वडिलांचे कान लाल. आजी मात्र गावातल्या कुणाची म्हैस व्याली ते सांगत होती. तिच्या लुगड्याचा एक धागाही चाकाच्या वाटेला गेला नाही.

भाच्याला मी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम ऐकवला: मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. तो हसला. म्हणाला, मागे साडीतलं कोण बसतंय? खरं आहे, त्याची आई स्वतःची स्कूटर चालवते. पण ओढणी उरलीच की, आणि चाकाला ओढणी साडीइतकीच आवडते. शिवाय ज्या शोरूमने हौसेच्या सामानाचं पॅकेज आमच्या गळ्यात मारलं, टाकीच्या स्टिकरचेसुद्धा पैसे लावले, तिथे गार्डबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, याचा राग माझ्या मनात आहे तो आहेच.

हे सगळं मी आईला तावातावाने सांगत होतो. वडिलांनी तुझ्यासाठी केवढी खटपट केली, वगैरे. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गार्ड चांगलाच होता. पण त्याच्या खालची ती पाय ठेवायची पट्टी त्यांनी मी घरी नसताना बसवली. माझा पाय कधी पोचलाच नाही तिथवर. एक चप्पल कायम लोंबकळत. पोवई नाक्यावर पडलीसुद्धा एकदा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आणखी एक रविवार गेला असता."