मागून लिहिलेले ठराव

आमच्या गावात ग्रामसभेचं रजिस्टर दारोदार फिरतं. रोवणीच्या दिवसांत माणसं बांधीत वाकलेली असतात, सभेला कोण जाणार? गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी ती लागते. ती घरोघरी मिळते. शिपाई म्हणतो, "भाऊ, इथं सही," आणि चिखलाचे हात पुसून माणूस सही करतो. मीही कित्येक वर्षं केली. वर ठराव लिहिलाय की पान कोरं आहे, हे कधी पाहिलं नाही.

आणीबाणी कशी आली ते वाचताना मला हे रजिस्टर आठवत राहतं. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, संमतीपुरतं. इंदिरा गांधी निवडून आल्या होत्या, १९७१ मध्ये ३५२ जागा घेऊन. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःची निवडणूक रद्द ठरवली होती. त्यानंतरचं बरंचसं कायद्याच्या भाषेतच झालं. ३८वी घटनादुरुस्ती आली, घोषणेला न्यायालयात आव्हान देता येईना. ३९वी आली, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या हाताबाहेर गेली. पुढे लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. विरोधी बाकांवरचे अनेक जण तोवर तुरुंगात होते. देशभरात एक लाखाहून अधिक माणसं आत गेली.

त्यांत अशोक मेहता होते. हे नाव आपल्याकडचं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला). १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या दोन जागांसाठी मतदाराला दोन मतं होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर मेहता. दुसरं मत वाया घालवू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावल्याची आठवण अजून सांगितली जाते. मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. ही हार मला आजही सलते. पाचच वर्षांपूर्वी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, त्यांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की धर्मातली भक्ती आत्म्याला तारेल, पण राजकारणात तीच माणसाला खाली नेते आणि शेवटी हुकूमशाहीच्या दारात उभं करते. मेहता १९६७ मध्ये पुन्हा भंडाऱ्याचे खासदार झाले, इंदिराजींचेच मंत्रीही होते. १९७५ मध्ये त्यांच्याच सरकारने त्यांना पकडलं.

आणखी एक धागा आपल्या रेल्वे फाटकावरून जातो. गोंदियाहून छोटी लाईन जबलपूरला जायची. त्या जबलपूरच्या शिवकांत शुक्लांच्या अटकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नऊ उच्च न्यायालयांनी अटकेतल्या माणसाला दाद मागता येते असं म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले, नाही येत. एकट्या ह. रा. खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. एक माणूस सही करायला नाही म्हणाला, आणि त्याची किंमत त्याला ठाऊक असणार.

मार्च १९७७ मध्ये मतपेटीने सरकार घालवलं. भंडाऱ्यातून आमगावचे लक्ष्मणराव मानकर लोकसभेत गेले. ४४व्या घटनादुरुस्तीने एक साधी अट घातली: मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आधी, राष्ट्रपतींची सही नंतर. मला ही अट फार मोलाची वाटते. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवण्यासाठी देशाला एकवीस महिने मोजावे लागले.

गेल्या १५ ऑगस्टला शिपाई दारात आला. मी विचारलं, "ठराव कोणते झाले?"

"ते मागून लिहितील, भाऊ. फक्त सह्या राहिल्या."

तो जुन्या ओळखीचा, गरीब माणूस. त्याच्यावर रागवून काय होणार? मी रजिस्टर काखेत घेतलं, चपला घातल्या आणि त्याच्यासोबत पंचायतीकडे निघालो. वाटेत बांधीतल्या दोघातिघांना हाक मारली.