फळ्याकडे बोट

लिनक्स संगणकावर प्रत्येक खात्याची नोंद म्हणजे एक ओळ. तिच्यात सात रकाने असतात: नाव, पासवर्डची जागा, खाते क्रमांक, गट क्रमांक, इतर माहिती, होम फोल्डर आणि शेल. सी भाषेत ‘गेटपीडब्ल्यूनॅम’ हे फंक्शन नाव सांगताच ती नोंद शोधते. पण हातात नोंद देत नाही, ती कुठे ठेवली आहे तो पत्ता देते. आणि ती जागा एकच असते.

आमच्या ब्लॉकबाहेर ड्यूटी कॅडेटच्या नावाचा एकच फळा आहे. वहीत नाव न लिहिता ‘फळ्यावर बघ’ एवढेच लिहिले, तर उद्या ती वही उद्याचे नाव सांगेल. तसेच हे.

या सत्रात संगणक क्लबमध्ये आम्हा दोघांकडे एक काम होते: पास होऊन गेलेल्या कॅडेटच्या खात्यातील फायली नव्या खात्यात हलवायच्या आणि जुने फोल्डर पुसायचे. माझा जोडीदार म्हणाला, “पहिली नोंद बरोबरच्या चिन्हाने दुसऱ्या स्ट्रक्चरमध्ये टाकू, झाली कॉपी!” कंपायलरनेही तक्रार केली नाही. पुसण्याचा भाग जोडण्याआधी आम्ही नोंद छापून पाहिली. क्रमांक जुन्या खात्याचा, नाव नव्याचे, आणि फोल्डरचा पत्ता मधूनच तुटलेला!

क्रमांक स्ट्रक्चरच्या आतच असतो, म्हणून तो खरोखर उतरला. नावाच्या जागी मात्र फक्त पॉइंटर असतो, म्हणजे फळ्याकडे दाखवलेले बोट. कॉपी झाली ती बोटाची. सगळेच चुकले असते तर लगेच कळले असते. मला भीती वाटते ती या अर्ध्या बरोबर नोंदीची. त्या फोल्डरमध्ये एका सीनियरचा दोन वर्षांचा प्रकल्प होता.

जोडीदाराने मग प्रत्येक मजकूर ‘स्ट्रडप’ने वेगळ्या जागेत उतरवला. काम झाल्यावर ती जागा ‘फ्री’ने परत करावी लागते, आणि एखादा रकाना विसरला की पुन्हा तेच. मला ‘गेटपीडब्ल्यूनॅम_आर’ आवडते. त्याला आपला स्वतःचा बफर द्यायचा. प्रत्येक नोंदीला वेगळा फळाच म्हणा ना! बफर लहान पडला तर ते ‘ईरेंज’ कळवते, मग मोठा देऊन पुन्हा विचारायचे. एक खोच आहे: खाते सापडलेच नाही तरी ते शून्य, म्हणजे ‘चूक नाही’, असेच सांगते. म्हणून निकालाचा पॉइंटर ‘नल’ आहे का, हेही पाहावे लागते.

आमचा वाद अजून मिटलेला नाही. सरांनी दोन्ही प्रोग्राम ठेवून घेतले आहेत, आणि दोन्ही नोंदी कागदावर छापून दाखवल्याशिवाय ते पुसण्याची आज्ञा चालवू देत नाहीत.