घेणारा तारा

उत्तर मुकुट नावाचे एक लहानसे तारकामंडळ आहे. त्यातला एक तारा एरवी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. 1866 मध्ये तो अचानक उजळला आणि काही दिवसांत मंदावला. 1946 मध्ये पुन्हा तसेच घडले. मध्ये ऐंशी वर्षे गेली. 2024 मध्ये तो पुन्हा उजळेल असा अंदाज होता, पण ते वर्ष कोरडेच सरले.

खरे तर तो एक तारा नाही, जोडी आहे. एक फुगलेला तांबडा तारा आणि दुसरा श्वेत बटू. श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. या जोडीतला बटू आकाराने साधारण पृथ्वीएवढा, वजनाने मात्र सूर्यापेक्षा जड. शेजाऱ्याच्या अंगावरचा सैल वायू तो ओढून घेतो. त्या वायूची भोवती चकती होते आणि तो फिरत फिरत खाली उतरतो. थरावर थर साचतात, तळाशी दाब नि उष्णता वाढते आणि एके दिवशी साचलेला हायड्रोजन भडकतो. थर उधळला जातो, तारा शाबूत राहतो. घेणे पुन्हा सुरू.

आमच्या अम्मीचा जन्मही 1946 चा. अब्बा गेल्यापासून ती माझ्याकडे असते. तिच्या उशीखाली एक वही आहे. औषधे, डॉक्टरांची फी, रिक्षाभाडे, तिच्यावर होणारा प्रत्येक खर्च ती रक्कम विचारून त्यात उर्दूत लिहिते. ‘तुमच्यावर ओझं नको’ हे तिचे पालुपद. शिलाई मशीन चालवून तिने आम्हा चौघांना शिकवले, त्याची वही मात्र तिने कधी घातली नाही.

म्हणून एका रात्री मी तिला या जोडीची गोष्ट सांगितली. आज जो घेतो तोच मुळात दोघांतला मोठा. जड तारा आपले इंधन लवकर जाळतो, आधी म्हातारा होतो आणि आपले बाहेरचे थर सोडून देतो. त्यातले काही शेजाऱ्याच्याही पदरात पडू शकते. आजचा घेणारा हा आधी रिता झालेला असतो.

“घेऊन घेऊन त्याचं पोट भरत नाही?” अम्मीने विचारले.

भरते. त्या पोटाचे माप चंद्रशेखर यांनी काढले. 1930 मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला, ते गणित करीतच. सूर्याच्या सुमारे 1.4 पट, ही श्वेत बटूची कमाल मर्यादा. कार्बन-ऑक्सिजनचा बटू घेत घेत तिच्याजवळ पोचला, की अख्खाच फुटू शकतो. अशा स्फोटांतून लोखंड अवकाशात पसरते. आपल्या रक्तातल्या लोखंडाचा बराचसा भाग तिथूनच आलेला आहे.

“म्हणजे घेतलेलंही शेवटी वाटूनच जातो,” अम्मी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

वही अजून उशीखालीच आहे. मागच्या महिन्यात तिला नवा चष्मा आणला. तिने तो लावून पाहिला, खिडकीबाहेर पाहिले. किंमत मात्र विचारली नाही.